तिघांची जागा

माझ्या नवऱ्याच्या कंपनीचं मुख्यालय दुसऱ्या देशात होतं आणि तिचे शेअरही त्याच देशाच्या बाजारात विकले जात. आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या कार्यालयात काम करणाऱ्यांना दरवर्षी पगाराबरोबर थोडे शेअर मिळत. ते हातात पडतानाच त्यांच्यावर पगारासारखा कर कापला जाई. पुढे भाव वाढला आणि शेअर विकले, तर त्या वाढीवर पुन्हा वेगळा कर. नफ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. बहुतेक सहकारी शेअर मिळाल्याबरोबर विकून टाकत आणि गाडी बदलत, नाहीतर स्वयंपाकघर नवं करून घेत. माझ्या नवऱ्याने एकही विकला नव्हता. कंपनीची पेन्शन योजना त्याला अपुरी वाटे. शेअर हीच आपली पेन्शन, असं तो म्हणायचा.

मग एका हिवाळ्यात कंपनीने माणसं कमी करायला सुरुवात केली. नोकरी आणि म्हातारपण दोन्ही एकाच कंपनीच्या हातात ठेवणं शहाणपणाचं नाही, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. शेअर विकायचे ठरले. प्रश्न फक्त कराचा होता.

ब्लँचर्डस्टाउनला त्याचा कॉलेजपासूनचा मित्र राहतो. सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण कराच्या बाबतीत आमच्या ओळखीतले सगळे आधी त्यालाच विचारतात. एका शनिवारी दुपारी त्यांच्याकडे मिसळ होती. नवऱ्याने शेअरचा विषय काढला, तसा मित्राने चमचा खाली ठेवला.

“अरे, तू टॅक्स कशाला भरतोस? तुझं डोमिसाईल भारताचं ना?”

त्याने समजावून सांगितलं ते असं. माणूस आयर्लंडमध्ये राहत असला, तरी त्याचं मूळ घर दुसऱ्या देशात असेल आणि शेवटी तिकडेच परतायचा त्याचा इरादा असेल, तर परदेशातल्या शेअरवरच्या नफ्यावर इथे कर लागत नाही. अट एवढीच, की ते पैसे आयर्लंडमध्ये आणायचे नाहीत. परदेशातल्या खात्यात ठेवायचे आणि निवृत्तीनंतर तिकडेच वापरायचे.

“म्हणजे फक्त एवढं सांगायचं, की म्हातारपणी परत जाणार,” मित्र म्हणाला. “आपण सगळे तेच म्हणतो की, दर दिवाळीला. आजवर फुकट म्हणत होतो. आता त्याचे पैसे मिळतील.”

त्याची बायको आतून म्हणाली, “तुझं जाणं ऐकून ऐकून मुलगी कॉलेजात गेली.”

“जाणार गं. मरायला तरी घरीच जाणार ना माणूस. काय वहिनी?”

हे त्याने मला विचारलं होतं. विचारून झाल्यावर त्याला आठवलं. त्याची बायको भांडं घेऊन बाहेर आली आणि कोणी मागितलेली नसताना सगळ्यांच्या ताटलीत तर्री वाढू लागली. मित्र बराच वेळ लिंबू चिरत राहिला.

आमचा मुलगा या देशात जन्मला आणि त्याच दिवशी संध्याकाळी गेला. तो फार लवकर आला होता. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. त्याबद्दल मला तेव्हा काही म्हणायचं नव्हतं, आताही नाही.

इतक्या लहान मुलाला आपल्याकडेही अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. त्यामुळे दफन आम्हाला परकं नव्हतं. परकी होती ती जागा. आपल्याकडे घरातला एखादा पुरुष त्याला घेऊन जातो आणि हात रिकामे करून परत येतो. कुठे ठेवलं ते आईला सांगत नाहीत, खूण ठेवत नाहीत. इथे जागेला क्रमांक असतो, वहीत नोंद होते आणि वर्षभराने जमीन बसली की दगड बसवतात.

इस्पितळाने त्यांच्याकडची जागा देऊ केली होती. अशा बाळांसाठी दफनभूमीचा एक कोपरा राखलेला असतो. माझा नवरा तो बघायला गेला आणि परत येऊन म्हणाला, की त्याने दुसरी जागा घेतली आहे. मी का म्हणून विचारलं नाही. मी तेव्हा काहीच विचारत नव्हते.

का घेतली ते मला बऱ्याच महिन्यांनी कळलं. अंत्यविधीची व्यवस्था करणारे एक वयस्क गृहस्थ होते, ते एकदा चर्च स्ट्रीटवर भेटले. त्यांनी सांगितलं, की तो कोपरा नदीकडच्या उतारावर होता. माझा नवरा तिथे उकिडवा बसला, तळहाताने जमीन दाबून पाहिली, आणि हात वर केला तेव्हा खळग्यात पाणी जमलं. मग तो सगळ्या दफनभूमीत तसाच फिरला. थोडं चालायचं, बसायचं, हात दाबायचा. वरच्या बाजूला जमीन कोरडी होती, पण तिथे फक्त कुटुंबाच्या कबरी विकत होते. एका जागेत तीन जण, एकावर एक. बाळासाठी एवढी मोठी जागा लागत नाही, असं त्या गृहस्थांनी त्याला सांगितलं. त्याने कोरडी हवी एवढंच सांगितलं.

अशा रीतीने आम्ही त्या गावात तिघांच्या जागेचे मालक झालो. माझ्या माहितीतल्या दुसऱ्या कुठल्याही मराठी कुटुंबाकडे अशी जागा नाही. लोक घर घेतात, गाडी घेतात, नागपूरला किंवा पुण्याला फ्लॅट घेऊन ठेवतात. ही गोष्ट कोणी घेत नाही, कारण इथे मरायचं आहे असं कोणी धरूनच चालत नाही.

दगड बसवला त्या दिवशी माझा नवरा दफनभूमीत आला होता. त्यानंतर नाही. दर रविवारी तोच मला गाडीतून घेऊन जायचा, फाटकापाशी गाडी उभी करायचा आणि रेडिओ लावून बसायचा. उन्हाळ्यात हर्लिंग या इथल्या खेळाच्या सामन्याचं समालोचन चालू असे. मला थंडी वाजू नये म्हणून मी यायच्या आधी तो हीटर लावून ठेवी. मला वाटायचं, तो माझ्यासाठी थांबला आहे. नंतर मूल झालं नाही.

त्या शनिवारी ब्लँचर्डस्टाउनहून परत येताना निम्म्या रस्त्यात त्याने रेडिओ बंद केला. मग तो म्हणाला, “एखाद्या जाणकाराला विचारून घेऊ.” मी बरं म्हणाले.

जाणकाराची वेळ सप्टेंबरची मिळाली. त्याआधी, जूनमध्ये, सासूबाई नागपूरहून आल्या. त्यांची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला त्यांना थंडीने घरातच डांबून ठेवलं होतं. या वेळी त्या रोज सकाळी शेजारच्या बाईंबरोबर शॅनन नदीच्या काठाने फिरायला जात. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघी सतत बोलत असत. आठवड्याभरात सासूबाई चहा कसा झाला विचारलं की इथल्या लोकांसारखं “ग्रँड” म्हणू लागल्या.

जुलैमध्ये दफनभूमीचा रविवार येतो. त्या दिवशी पाद्री प्रत्येक कबरीवर पवित्र पाणी शिंपडत फिरतो आणि गावोगावहून माणसं आपापल्या कबरीपाशी येऊन उभी राहतात. आधीचा आठवडा सगळे दगड घासत असतात, गवत कापत असतात, रोपं लावत असतात. म्हातारी माणसं घडीच्या खुर्च्या आणतात, थर्मास आणतात. वर्षभर न भेटलेले चुलतभाऊ दोन कबरींच्या मधून हात मिळवतात. आम्ही त्या धर्माचे नाही, पण आमची जागा त्या रांगेत होती आणि पाद्री रांग सोडत नसे.

सासूबाई म्हणाल्या, मीही येते. त्यांनी काठापदराचं पातळ नेसलं, वर माझा रेनकोट घातला. माझ्या नवऱ्याने आम्हाला फाटकाशी सोडलं. त्या दिवशी गाड्या फार येतात आणि गावातले चार-पाच जण पिवळी जॅकेटं घालून त्या मैदानात लावून घेतात. त्याने त्यांच्याकडून एक जॅकेट मागून घेतलं आणि हात हलवत उभा राहिला.

“हा काय पोलीस झाला का इथी?” सासूबाई म्हणाल्या.

“मदत करतोय, आई.”

“मदत करून राहिला म्हणे. लहानपनी पाहुने आले की असाच बैलापाशी जाऊन बसे.”

आत आल्यावर त्या बराच वेळ बघत राहिल्या. एवढी माणसं, एवढी फुलं, पोरंसोरं पळताहेत, कोणी रडत नाही. पितृपक्ष एकाच दिवशी उरकतात हे लोक, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांना ते पसंत पडलेलं दिसलं. शेजारच्या कबरीवाल्या बाईंनी त्यांना आपली खुर्ची दिली.

पाद्री आमच्या रांगेत आला. त्याने दगडावर पाणी शिंपडलं आणि पुढे सरकणार तेवढ्यात सासूबाईंनी तीर्थ घ्यायला धरतात तसा उजव्या हाताचा पसा पुढे केला. पाद्री क्षणभर थांबला. मग त्याने त्यांच्या हातावर तीन थेंब पाडले. त्यांनी ते प्यायले आणि हात डोक्यावरून फिरवला. खुर्ची देणाऱ्या बाईंनी मान दुसरीकडे वळवली. त्या हसत होत्या की काय, मला कळलं नाही.

गर्दी ओसरू लागली तेव्हा सासूबाईंनी दगडाकडे बोट केलं. वरच्या भागात त्याचं नाव कोरलेलं होतं, खाली पुष्कळ कोरी जागा होती.

“हे खाली काहून सोडलं?”

मी सांगितलं, की जागा तिघांची आहे.

“बाकीचे दोन कोन?”

“आम्ही.”

त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवून त्या तशाच बसल्या. माझी अपेक्षा होती, की आता रीत सांगतील. दात न आलेल्या लेकराचं श्राद्ध नसतं, त्याची जागा बघायला जायचं नसतं, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं आणि गेली सगळी वर्षं त्या फोनवर हे बोलल्या नव्हत्या याचं मला आश्चर्यच वाटत आलं होतं.

“मीबी एक ठेवलं आहे,” त्या म्हणाल्या. “याच्या आधीचं. पोरगी होती.”

हे मला माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नसावं.

“कुठे, आई?”

“नदीवर म्हनत. तिथं आता पूल झाला.” त्यांनी पातळाचा काठ सारखा केला. “मले कोनी दाखवलीच नाही जागा. दीर घेऊन गेले, सांजेले आले, आंघोळ केली, जेवले. नाही दाखवली ते बरं केलं, असं सारे म्हनत. सासूबाई म्हनत, माय म्हने. मीबी म्हनो.”

मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “बरं नव्हतं ते.”

फाटकाकडे चालत जाताना त्यांनी माझा दंड धरला होता. माझा नवरा शेवटच्या गाड्यांना वाट दाखवत होता. त्याला ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर त्या थांबल्या. मुलाने परत यावं असं त्यांना वाटतं, हे त्यांनी लपवलं नाही. सासरे गेल्यापासून घरात त्या एकट्याच आहेत. त्याने यावं, असं त्या म्हणाल्या. मी यावं असं म्हणाल्या नाहीत. मी वाट पाहिली, पण तेवढ्यावर बोलणं संपलं आणि त्यांनी त्याला हाक मारली, की चल बाबू, तुझी ड्युटी झाली असेल तर.

सप्टेंबरमध्ये आम्ही कर सल्लागाराकडे गेलो. साठीच्या घरातल्या बाई होत्या, एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचं ऑफिस होतं. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि मित्राने सांगितलं ते बरोबर असल्याचं सांगितलं. पण एक गोष्ट मित्राने हलकी करून सांगितली होती, ती त्यांनी स्पष्ट केली. परत जाणार असं नुसतं म्हणून भागत नाही. ते खरं असावं लागतं. उद्या कर खात्याने विचारलं तर माणसाच्या आयुष्याकडे बघून ठरवतात, की याचा पाय कुठे रोवलेला आहे.

मग त्यांनी प्रश्न विचारले. पासपोर्ट कुठला? त्याचा भारताचा. माझा आयर्लंडचा, मी दोन वर्षांपूर्वी नागरिकत्व घेतलं होतं. त्याने अर्ज भरला नव्हता, आणि आम्ही दोघांनीही ते त्याच्या आळसावर ढकललं होतं. घर? इथे आहे, कर्जावर. नागपूरला? आईच्या नावावर आहे, पुढे त्याचं. मृत्युपत्र? नाही.

पुढच्या प्रश्नाआधी त्या किंचित हसल्या. हा प्रश्न ऐकून लोक चमकतात, पण विचारावा लागतो, असं त्या म्हणाल्या. इथे दफनासाठी जागा घेतली आहे का?

माझा नवरा हो म्हणाला.

किती जणांची?

“तिघांची,” तो म्हणाला. “त्यातली एक...”

त्याने वाक्य पुरं केलं नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि पाणी हवं का विचारलं. नको होतं. कायदा एवढा आंधळा नाही, असं त्या म्हणाल्या. एका गोष्टीवरून काही ठरत नाही. मुलासाठी जागा घेतली हे कोणालाही समजेल. अडचण झाली तर उरलेल्या दोघांच्या जागेची होईल, कारण ती कशासाठी घेतली असं विचारतील.

माझ्या नवऱ्याने जमीन कोरडी होती हे सांगितलं नाही. मी सांगू शकले असते. मीही सांगितलं नाही.

बाई म्हणाल्या, कराचा विचार घटकाभर बाजूला ठेवा आणि मला खरं काय ते सांगा. त्यावरून काय करायचं ते मी सांगते. खोटं असेल तर मी कागदावर आणणार नाही. म्हातारपणी तुम्ही कुठे राहणार?

“मी परत जाणार,” माझा नवरा म्हणाला. थांबून, खोल श्वास घेऊन वगैरे नाही. पत्ता विचारल्यावर सांगतात तसं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, मी नाही.

खाली दुकानाचं दार उघडताना घंटा वाजत होती. बाईंनी आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की ही माहिती आम्हा दोघांनाही त्यांच्याइतकीच नवी आहे. त्या पुढे बोलल्या ते सावकाश बोलल्या. पूर्वीच्या कायद्यात बायकोचं कायमचं घर नवऱ्याच्या घराबरोबर जायचं. तो कायदा केव्हाच बदलला. आता प्रत्येकाचं आपापलं. एकाच छपराखाली राहणाऱ्या नवरा-बायकोची उत्तरं वेगळी असू शकतात आणि कायद्याला त्यात काही वावगं दिसत नाही. शेअर त्याच्या नावावर आहेत, तेव्हा त्याचं उत्तर पुरेसं आहे. माझ्या उत्तराची गरज नव्हती.

राहिली जागा. ती त्याच्या नावावर होती. खरी स्थिती जर अशी असेल, की तिथे राहणार ती मी, तर जागा माझ्या नावावर करून घ्यावी, म्हणजे वस्तुस्थिती आणि कागद जुळतील. ते काम कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कार्यालयात होतं, फारसा वेळ लागत नाही. त्यानंतर शेअर विकावेत.

त्यांनी फी घेतली नाही. नवऱ्याने आग्रह केला, तेव्हा त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी.

गाडी नदीकाठच्या पार्किंगमध्ये होती. आम्ही आत बसलो. त्याने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

“टॅक्ससाठी म्हणालास का?” मी विचारलं.

“तसं असतं तर बरं झालं असतं.”

“कधी ठरवलंस?”

“ठरवलं नव्हतं. त्यांनी विचारलं तेव्हा कळलं.” मग तो म्हणाला, “तुलाही तेव्हाच कळलं ना?”

मी म्हणाले, नाही. मला दगड बसवला त्या दिवसापासून माहीत होतं.

त्याने मान हलवली. समोर काठावर एक माणूस होडी धूत होता, माझा नवरा त्याच्याकडे बघत होता. “माझं उलटं आहे,” तो म्हणाला. “मी रोज त्या फाटकावरून कामाला जातो. दुसरा रस्ता नाही. तू आठवड्यातून एकदा आत जातेस आणि तुला बरं वाटतं. मी दिवसातून दोनदा बाहेरून जातो.”

“सांगायचं होतंस.”

“काय सांगणार? चल, त्याला सोडून जाऊ?”

मी सीटचा पट्टा लावला.

“ते मला तुला विचारायचं नव्हतं,” तो म्हणाला. “विचारलं असतं तर तू आली असतीस.”

मी आले असते का, हे मला अजूनही सांगता येत नाही. आमच्यात तोवर कधी भांडण झालं नव्हतं आणि तेव्हाही झालं नाही. ज्या कारणासाठी मला तिथून हलता येत नव्हतं, त्याच कारणासाठी त्याला तिथे राहता येत नव्हतं, आणि दोघांपैकी कोणाचंही कारण खोडून काढता येण्यासारखं नव्हतं. घरी आल्यावर त्याने डाळ-तांदळाचा कुकर लावला. मी कपडे वाळत घातले.

शेअर पुढच्या महिन्यात विकले गेले. कर लागला नाही. पैसे परदेशातल्या खात्यात आहेत आणि ते आयर्लंडमध्ये आणता येत नाहीत. आणले तर कर लागतो. त्यामुळे घराच्या कर्जासाठी त्यांचा उपयोग नव्हता, माझ्यासाठीही नव्हता. ती त्याच्या म्हातारपणाची सोय होती आणि ते म्हातारपण इथे घालवायचं नव्हतं. ब्लँचर्डस्टाउनच्या मित्राला हे कळलं तेव्हा त्याने अभिनंदनाचा फोन केला. त्याला अर्धीच हकिगत सांगितली होती. पार्टी हवी, असं तो म्हणाला. माझ्या नवऱ्याने देतो म्हटलं.

शेअर विकण्याआधी आम्ही कौन्सिलच्या कार्यालयात गेलो होतो. काउंटरमागे एक मध्यमवयीन गृहस्थ होते, गळ्यात ओळखपत्र, त्याच दोरीला चष्मा. त्यांनी नोंद काढली आणि जागा कुठली ते ओळखलं. वरच्या बाजूची छान जागा आहे, असं म्हणाले. मालकी एकट्या नवऱ्याकडून एकट्या बायकोकडे का जाते आहे, असं त्यांनी विचारलं. उगाच नव्हे, रकान्यात लिहावं लागतं म्हणून. माझा नवरा म्हणाला, तो परदेशी राहायला जाणार आहे. गृहस्थांनी तसं लिहिलं. कामासाठी का, असं त्यांनी बोलता बोलता विचारलं. आई एकटी आहे, असं त्याने सांगितलं. आईची काळजी घ्यायला पाहिजे, आपल्याला एकच मिळते, असं ते म्हणाले.

नवऱ्याने सही केली. मी केली. शिक्के मारून झाले.

मग गृहस्थांनी चष्मा लावून उरलेले रकाने वाचले. जागा आता माझी होती, तेव्हा पुढचे प्रश्न मला होते. एक जागा भरलेली, दोन रिकाम्या. एक मालकाची धरतात. मी होकार दिला. आमच्यात दहन करतात हे त्यांना ठाऊक होतं. रक्षाही ठेवता येते, काही अडचण नाही, असं ते म्हणाले. राहिली एक. ती कोणासाठी राखून ठेवायची असेल तर आत्ताच नोंदवता येते. नवऱ्याचं नाव लिहू का?

नाव लिहिलं असतं तर सल्लागार बाईंनी सांगितलेल्या सगळ्याला अर्थ उरला नसता. आम्ही तिथे ज्यासाठी आलो होतो त्याच्या ते नेमकं उलट होतं. हे त्या गृहस्थांना माहीत नव्हतं आणि त्यांनी पेन टेकवून ठेवलं होतं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो काउंटरच्या कडेवर दोन्ही हात ठेवून उभा होता.

“तू सांग,” तो मराठीत म्हणाला. मला वाटतं, मी हो म्हणाले असते तर त्याने अडवलं नसतं. त्याने कर भरला असता. आणि तरीही गेला असता.

मी नको म्हणाले.

गृहस्थांनी त्या रकान्यात एक रेघ ओढली. मग त्यांना आमची चिंता वाटली असावी, कारण त्यांनी कागद माझ्याकडे वळवला आणि ती रेघ बोटाने दाखवली. हे काही दगडावर कोरलेलं नाही, असं ते म्हणाले. केव्हाही बदलता येतं, पैसे पडत नाहीत. फक्त त्या वेळी दोघांनी मिळून यावं लागेल.

माझा नवरा म्हणाला, बरं, येऊ. मीही तेच म्हणाले.